माझ्या चौकटीवरची चार भोकं

मित्रांनो, घाटकोपरच्या 'शीतल छाया' इमारतीत तुम्ही कधी आलात, तर जिन्याशेजारच्या जाळीच्या दारामागून एक कुरकुर ऐकू येईल. घाबरू नका. ती मी. मी इथली जुनी लिफ्ट. वय झालं की गुडघे वाजतात आणि जीभ सुटते. माझंही तसंच झालं आहे. त्यात मला थोडी फुशारकी मारायची खोड आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

आता हेच बघा ना. ही इमारत सात मजल्यांची. पण एका दिवाळीत मी अशी काही सुसाट निघाले, की सातवा मजला मागे पडला, गच्ची मागे पडली, टाकीवरचे कावळे दचकले, आणि मी थेट ठाण्याची खाडी बघून परत आले. आतल्या बाईंना वाटलं, दिवे गेले. आमचा लिफ्टमन क्लेमेंट म्हणायचा, असं काही घडलंच नाही. तो काय म्हणणार? तो त्या वेळी स्टुलावर पेंगत होता.

बरं, ते सोडा. आज जी गोष्ट सांगणार आहे ती मात्र खरी आहे. तिचा पुरावा माझ्या तळमजल्याच्या चौकटीवर आहे. बटणाच्या वर बघा. चार भोकं दिसतील. प्रत्येकात तुमची करंगळी नाही, पण पेन्सिलीचं टोक सहज जाईल.

माझा जन्म कांदिवलीच्या एका कारखान्यातला. सांगाडा लोखंडी, अंग सागवानी, पाठीला आरसा. एकोणीसशे एकोणऐंशी साली ट्रकवर आडवी पडून मी घाटकोपरला आले. मला उभं केलं ते क्लेमेंटने. तो मुलुंडच्या जुन्या गावठाणातला. त्याच्या बापाची तिथे भातशेती होती. शेतं गेली, इमारती आल्या, आणि क्लेमेंट लिफ्ट बसवायला शिकला. माझा शेवटचा बोल्ट पिळून झाल्यावर तो इथेच राहिला. खाकी शर्ट घातला आणि माझा लिफ्टमन झाला.

पहिल्या दिवशी मला झेंडूचा हार घातला, माझ्यापुढे नारळ फोडला. पाचव्या मजल्यावरच्या नंदकिशोर शेठनी पेढे वाटले. आजूबाजूच्या चाळींतली मुलं मला बघायला यायची. क्लेमेंट त्यांना एकेक फेरी मारून आणायचा आणि वर पोचल्यावर विचारायचा, "काय, पोटात गुदगुल्या झाल्या की नाय?" मित्रांनो, त्या दिवसांत माझ्यासारखी भाग्यवान मीच, असं मला वाटायचं.

चार वर्षं मी सगळ्यांना नेलं. साहेबांना नेलं, बाईंना नेलं, आणि मागच्या टेकडीवरच्या वस्तीतून धुणीभांडी करायला येणाऱ्या बायकांनाही नेलं. मला काय, वजन ते वजन. पाच माणसं, तीनशे चाळीस किलो. त्यात कोण कुठल्या जातीचं, कुणाच्या घरी फ्रीज आणि कुणाच्या घरी माठ, हे माझ्या दोराला कधी कळलं नाही.

या बायकांत जानकी माझी लाडकी. कोकणातली. तिचा नवरा लवू गिरणीत होता. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते झालंच. परळची खोली गेली, आणि ती दोघं टेकडीवर येऊन राहिली. पन्नाशी ओलांडल्यावर जानकीने दुसऱ्यांची भांडी हातात घेतली. तिचं एकच मोठं काम होतं, सातव्या मजल्यावर कुंदाताईंकडे. कुंदाताई बँकेत नोकरीला. सव्वाआठला घर सोडायच्या. माझं दार उघडलं की समोरच त्यांचं दार. त्यांच्या खिडकीत एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. तो जानकीचा. मी रोज बघायचे. जानकीही बघायची. बोलायचं कुणीच नाही.

मग चौऱ्याऐंशी साल उजाडलं आणि विद्याधर साहेब सेक्रेटरी झाले. माणूस वाईट नव्हता. पण नियम करायची त्यांना भारी हौस. गच्चीत पापड वाळवायचे नियम, सायकली उभ्या करायचे नियम. एके सकाळी ते खुर्चीवर चढले, तोंडात दोन स्क्रू, हातात दोन, आणि सुताराचा खर्च वाचवून त्यांनी स्वतःच माझ्या चौकटीवर हिरवी पाटी ठोकली. पांढरी अक्षरं:

"नोकर, मोलकरणी व फेरीवाले यांनी लिफ्टचा वापर करू नये. सभासदांचे सामान, मूल अथवा कुत्रा सोबत असल्यास सवलत."

मालन नावाची एक बाई होती, तिशीतली, चौथीपर्यंत शिकलेली आणि जिभेची तिखट. तिने पाटी मोठ्याने वाचली.

"का हो साहेब? आम्ही काय लिफ्ट खातो?"

"तसं नाही गं. सकाळच्या वेळी गर्दी होते. सभासदांना थांबावं लागतं. शिवाय… वास येतो."

"वास? साहेब, तो तुमच्याच भांड्यांचा. आमच्या हाताला लागून येतो."

विद्याधर साहेब खुर्ची उचलून निघून गेले. क्लेमेंट स्टुलावर मान खाली घालून बसला. त्याला ताकीद होती.

मित्रांनो, सातव्या मजल्यापर्यंत एकशेचाळीस पायऱ्या. त्याआधी टेकडी उतरून आलेली असते ते वेगळंच. तरण्या बायका धापा टाकत चढायच्या. जानकीचे गुडघे मात्र पहिल्याच आठवड्यात सुजले. कठड्याला धरून, प्रत्येक मजल्यावर टेकत, तिला वर जायला अर्धा तास लागायचा. माझ्या जाळीतून मला तिची पावलं ऐकू यायची. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. मी रिकामी उभी आणि ती चढतेय! लाकडाला रडता येत नाही, म्हणून मी कुरकुरायला लागले. माझ्या कुरकुरीचं कारण तेच. तेलाचा काही संबंध नाही.

एके दिवशी सातव्या मजल्यावर कुंदाताई पर्स खांद्याला लावून दारातच उभ्या होत्या.

"जानकीबाई, आज तिसरा दिवस. मला बँकेत लेटमार्क पडतो हो."

"ताईनू, गुडघे ऐकणत नाय. काय करू?"

"मला कळतं. पण मला वेळेवर येणारी बाई हवी. पुढच्या सोमवारपर्यंत बघते, नाहीतर दुसरी बघावी लागेल."

ते काम गेलं तर टेकडीवरची चूल कशी पेटणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही. आठ दिवस हातात होते.

खाली आल्यावर तिने मालनला सांगितलं. मालन पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचली आणि हसली.

"मावशी, कुत्र्याला सवलत हाय!"

नंदकिशोर शेठकडे प्रिन्स नावाचा पांढरा पॉमेरेनियन होता. त्याला फिरवायचं काम मालनचं. दुसऱ्या दिवसापासून प्रिन्स नोकरीला लागला. मालन त्याला खाली आणायची, जानकीच्या हातात साखळी द्यायची. जानकी कुत्र्यासोबत वर. क्लेमेंट कुत्र्याला घेऊन खाली. मग दुसरी बाई कुत्र्यासोबत वर. नियमात सगळं बसत होतं. क्लेमेंट प्रत्येक वेळी उठून सलाम ठोकायचा. "या प्रिन्स साहेब, कितवा मजला?"

एका सकाळी प्रिन्सने माझ्यातून बावन्न फेऱ्या केल्या. मी मोजल्या. तिसऱ्या दिवशी तो स्टँडवरच्या रिक्षासारखा आपणहून दाराशी येऊन बसायला लागला. चौथ्या दिवशी त्याने पंजाने बटण दाबलं. हसू नका, दाबलं!

जानकी वेळेवर पोचत होती. कुंदाताईंचा लेटमार्क थांबला. पण नंदकिशोर शेठना शंका आली. कुत्रा सकाळभर फिरतो, आणि घरी येऊन गालिचाच ओला करतो, हे कसं? ते एकदा जाळीशी उभे राहून बघत राहिले. शेजारी विद्याधर साहेब. प्रिन्स वर गेला. खाली आला. वर गेला. खाली आला.

"अरे, मारो कुत्तो लिफ्टमेन थई गयो!" शेठ गुजरातीत ओरडले. त्यांचा कुत्रा लिफ्टमन झाला होता!

विद्याधर साहेबांचा चेहरा लाल झाला. संध्याकाळी ते रंगाचा डबा घेऊन आले. पाटीवरचा 'कुत्रा' खोडला. मागोमाग 'मूल' खोडलं, कारण मालन पहिल्या मजल्यावरच्या बाळाकडे बघून हसत होती, ते त्यांनी पाहिलं होतं. 'सामान' मात्र त्यांना खोडता येईना. तांदळाची पोती कोण उचलून नेणार? तेव्हा त्यांनी क्लेमेंटला बजावलं, सामान लिफ्टने, नोकर जिन्याने.

सोमवार दोन दिवसांवर आला होता. नळाशी बायका गोळा झाल्या. आमच्या तळमजल्याला मागच्या बाजूला मोठा चौथरा आणि नळ आहे, तिथे त्या पाणी प्यायला बसायच्या.

"वाट लागली," एक जण म्हणाली. "आता सोडूनच देऊ काम."

"सोडलंस तर उद्या दुसऱ्या दहा जणी येतील टेकडीवरून," मालन म्हणाली. "उपाशी सगळ्याच हायत."

जानकी गुडघ्याला मोहरीचं तेल चोळत बसली होती. चोळता चोळता ती सहज म्हणाली, "म्हणजे आपण वर जावचा नाय. पण भांड्यांका चलता. भांडी सामान ना गो?"

मालन ताडकन उठली.

"काय बोललीस मावशी? परत बोल!"

"भांड्यांका लिफ्ट चलता, म्हणतंय मी."

मित्रांनो, मोठमोठे वकील जे करू शकत नाहीत, ते जानकीने गुडघा चोळता चोळता केलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला सगळ्या बायका हजर. एकही गैरहजर नाही, एकही उशिरा नाही. चौथऱ्यावर ओळीने बसल्या, राख आणि नारळाची शेंडी मांडून. क्लेमेंटने प्रत्येक मजल्यावर जाऊन निरोप दिला. इतक्या गोड आवाजात तो कधी बोलला नव्हता.

"बाई लोक आले आहेत. काम करायला तयार आहेत. लिफ्ट त्यांना नाय, सामानाला आहे. म्हणून सामान खाली पाठवा."

"सामान म्हणजे?"

"भांडी. कपडे. काय असेल ते."

पहिल्या तासाला हसले सगळे. दुसऱ्या तासाला नाश्त्याची पातेली साठली. तिसऱ्या तासाला माझं बटण कुणी सोडेना. काय सांगू तुम्हाला! दुसऱ्या मजल्याचे वकील साहेब टाय लावून हातात खरकटं पातेलं. नंदकिशोर शेठ कपड्यांचा टब आणि काखेत प्रिन्स. कुणाचा कुकर, कुणाचा तवा, कुणाच्या डब्यात दोन दिवसांचं शिळं कालवण. खाली द्यायचं, घासून झालं की घ्यायला पुन्हा यायचं. माझ्या आरशाला आमटीचे शिंतोडे उडाले. आता वास कुणाचा, हे सगळ्यांना कळत होतं, कारण बायका तर आत नव्हत्याच.

खाली चौथऱ्यावर मात्र जत्रा. सावलीत बसून, गप्पा मारत, भांडी चकाचक. जानकी सगळ्यांच्या मधोमध. चढणं नाही, उतरणं नाही. कुंदाताई पहिल्याच फेरीत आपलं ताट-वाटी घेऊन आल्या, पण रांगेमुळे त्यांना वर जायला पाऊण तास लागला. लेटमार्क पडला.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी विद्याधर साहेबांची बायको माहेरी गेली, आणि साहेब दूध करपलेली कढई घेऊन स्वतः रांगेत उभे राहिले. सहावा मजला. मी सातव्यावरून कुंदाताईंना आधीच घेतलं होतं. पाचव्यावर नंदकिशोर शेठ आणि प्रिन्स चढले. चौथ्यावर आणखी तिघं. पाच माणसांची मी, आणि वर बादल्या. आणखी दोघं दारात.

"क्लेमेंट, तू उतर रे," विद्याधर साहेब म्हणाले. "तेवढीच जागा होईल."

क्लेमेंट उतरला. ज्याला मला चालवता येतं तोच एक बाहेर, आणि आठ जण आत. मी चौथ्याखाली जेमतेम अर्धा मजला गेले आणि थांबले.

फ्यूज उडाला, असं क्लेमेंट म्हणायचा. म्हणेना का. मी कशाला थांबले ते माझं मला ठाऊक.

आत अंधार. प्रिन्स रडायला लागला. कुणाची तरी आमटी कुणाच्या तरी सदऱ्यावर सांडली. "वाचवा!" विद्याधर साहेब ओरडले. "क्लेमेंट!"

माझं यंत्र गच्चीवरच्या खोलीत आहे. मी अडकले की तिथलं लोखंडी चाक हाताने फिरवावं लागतं. एकाने ब्रेक धरायचा, दोघातिघांनी चाक ओढायचं. क्लेमेंट पंचावन्नचा. त्याने जिन्यात आवाज दिला, "कोणी आहे का? चाक फिरवायला माणसं पाहिजेत!" वरच्या मजल्यावरचे एक साहेब दीड जिना चढले आणि छातीला हात लावून पायरीवर बसले. त्यांना सवय नव्हती.

खालून मालन आणि तिघी उठल्या. हाताला राख तशीच. पदर खोचला आणि निघाल्या. सहाव्या मजल्यावर त्यांनी क्लेमेंटला मागे टाकलं.

"काका, किल्ली द्या इकडं! तुम्ही या सावकाश!"

तळमजल्यावर जानकी माझ्या जाळीशी आली. तिने मान वर केली आणि ओरडून सांगितलं,

"सायबानू, घाबरू नको! पोरी गेल्यात वर! जरा टाइम लागतलो… जिन्यान गेल्यात ना!"

आत प्रिन्स रडायचा थांबला.

मग गच्चीवर क्लेमेंटने ब्रेक सोडला आणि मला दोराला हिसका जाणवला. मित्रांनो, इतकी वर्षं मला विजेने ओढलं. त्या दिवशी पहिल्यांदा हातांनी ओढलं. राखेने खरखरीत झालेले चार बायकांचे आठ हात. "ओढ गं! आणखी! साहेब जड हायत!" मालनचा आवाज वरून खाली येत होता. एकेक वीत मी वर सरकले. रोज सात मजले चढणाऱ्या बायकांनी मला चढवलं, आणि माझ्या पोटातल्या आठ साहेब-बाईंनाही.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं. सगळे बाहेर आले, घामाघूम. कुणीच परत आत पाय ठेवेना. मग भांडी हातात घेऊन सगळे जिन्याने खाली निघाले. विद्याधर साहेब कढई सांभाळत ऐंशी पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर थांबून गुडघा चोळत म्हणाले, "पायऱ्या जरा उंच आहेत, नाही?"

"पुढे पण तश्याच असत, सायबानू," जानकी म्हणाली. "सातव्यापर्यंत."

कुंदाताई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस गप्प असलेली ती बाई आता मोठ्याने बोलली. "मला ठराव मांडायचा आहे. ही पाटी काढावी."

"असा कसा? सभा बोलवावी लागते," विद्याधर साहेब म्हणाले. "कोरम लागतो."

आरडाओरडा ऐकून बाकीच्या घरांतले लोकही भांडी घेऊन खाली जमले होते. गच्चीवरून उतरलेल्या मालनने जिन्यातूनच मोजलं. "एकोणीस घरं हायत इथं. अठ्ठावीसपैकी. बस की नाही?"

बस होतं. "बाजूने?" साहेबांनी सवयीने विचारलं. आणि हात वर झाले. कुणाच्या हातात झारा, कुणाच्या हातात तवा, वकील साहेबांच्या हातात चमचमती परात. प्रिन्सनेही पंजा वर केला, पण तो धरला नाही. "विरुद्ध?" कुणीच नाही. विद्याधर साहेबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्यात करपलेली कढई होती. त्यांनी ती जानकीसमोर ठेवली आणि म्हणाले, "क्लेमेंट, पेचकस दे. मी लावली, मीच काढतो."

तीन स्क्रू निघाले. चौथा गंजून हटून बसला. मालनने उलथन्याचं टोक दिलं. कर्र… आणि पाटी खाली पडली. चौथऱ्यावरून अशी काही टाळी झाली, की मला वाटलं, आपल्याला पुन्हा हार घातला!

दुपारी क्लेमेंटने फ्यूज बदलला. पहिली फेरी जानकीची. ती दारात थांबली, वाकली आणि चपला बाहेर काढून आत आली.

"मावशी, देऊळ हाय काय ते?" मालन हसली.

"सवय गो."

क्लेमेंट बटण दाबायला उठला. जानकीने त्याचा हात धरला. "थांब. माका दाबूदे." तिने सात नंबर असा दाबला, जणू भाकरीच थापतेय. मी निघाले. कुरकुर न करता! आरशात ती स्वतःकडे बघत होती, आणि मजल्यामागून मजला खाली जात होता.

सातव्यावर पोचल्यावर तिला आठवलं. "अरे देवा, चपला खालीच रवल्यो!"

मी तिला खाली आणलं. तिने चपला घेतल्या नाहीत. पुन्हा वर. पुन्हा आठवलं. पुन्हा खाली. त्या दुपारी जानकी चार वेळा चपला विसरली. क्लेमेंट स्टुलावर बसून पोट धरून हसत होता. पाचव्या फेरीला, त्या दिवशी बँकेत रजा टाकलेल्या कुंदाताईंनी दार उघडून विचारलं, "अहो जानकीबाई, येताय ना आत? चहा थंड होतोय." त्यांच्या हातात दोन कप होते. दोन्ही सारखे. खिडकीतल्या त्या कान तुटलेल्या कपात पुढच्या आठवड्यात मनीप्लांट लावलेलं मी पाहिलं. अजून आहे ते. बरंच वाढलंय.

जानकी पुढे बरीच वर्षं माझ्यातून आली-गेली. एकदाही कुणी तिला अडवलं नाही.

आता मी म्हातारी झाले. माझ्या सागवानावर कर्कटकाने कुणीकुणी आपली नावं कोरली आहेत. बटणांवरचे आकडे पुसले आहेत. दार लावताना लोक असं आपटतात, की माझे दात वाजतात. नवी स्टीलची लिफ्ट आणायची चर्चा गच्चीवर चालू आहे. दोरावाटे मला सगळं ऐकू येतं. येऊ दे बापडी. मी तिला जागा देईन.

फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. दार हळू लावा. आणि लावण्याआधी एकदा जिन्याकडे बघा. कुणी कठड्याला धरून चढत असेल, तर थांबा. एका माणसाच्या वजनाने लिफ्ट कधी खाली पडत नाही.

आणि सुतार आला, की माझी चौकट काढून खुशाल नव्या लिफ्टला लावा. तिला रंग द्या, पॉलिश करा. पण ती चार भोकं बुजवू नका. ती माझी पदकं आहेत.